तिचं गाणं पुढं चाललंय की थांबलंय, हे कसं ओळखायचं?

शहापूर, बेळगावहून एका वाचकांचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, मुख्य भाग असा:

‘आमच्या बाजूच्या गल्लीतली एक मुलगी स्वतःच गाणी लिहिते, चाल लावते आणि गिटारवर म्हणते. दोन वर्षांमागं एका गावच्या साहित्य संमेलनात तिला पहिल्यांदा ऐकलं, तेव्हापासून तिचं एकही गाणं चुकवलेलं नाही. यूट्यूबवर सहा गाणी आहेत. एप्रिलनंतर नवीन काही नाही. लोक विचारतात, “आता काय करूलीय की ती?” मला तर शेवटची दोन गाणी पहिल्या चारांपेक्षा चांगली वाटतात, खरं त्यांना व्ह्यूज निम्मेच आहेत. मग ती पुढं चालली की मागं? ती मला काका म्हणते, नवीन गाणं व्हॉट्सअॅपवर पाठवून मत विचारते. मी पतसंस्थेत नोकरी केलेला माणूस, मला गाण्यातलं काय कळतंय? आता एका म्युझिक कंपनीचा करार आलाय, तोही तिनं माझ्याकडंच वाचायला दिलाय. मदत करायची आहे, पण लुडबूड करायची नाही. एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग सोबत पाठवतोय, एक संमेलनातलं आणि एक नंतर प्रसिद्ध झालेलं.’

नमस्कार.

शेवटची दोन गाणी जास्त चांगली वाटतात, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. आमच्या मते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे, आणि व्ह्यूज काही म्हणोत, तुमच्या कानावर आधी विश्वास ठेवा. नवोदित कलाकाराचं पहिलं गाणं नातेवाईक, कॉलेजचे मित्र, गल्लीतले झाडून सगळे कौतुकानं उघडतात. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ही मंडळी पांगतात आणि गाण्यासाठी येणारे तेवढे उरतात. आकडा खाली येतो तो बहुतेक वेळा इथं. दुसरं एक कारण तांत्रिक आहे, ते तुम्ही स्वतः तपासू शकता. वितरकामार्फत (कलाकाराची गाणी यूट्यूब, स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) गाणं सगळीकडे पाठवलं की यूट्यूब तिच्या नावानं आपणहून एक ‘टॉपिक’ चॅनल तयार करतं. तिच्या स्वतःच्या चॅनलवर व्हिडिओ आणि त्या चॅनलवर नुसता ऑडिओ, असं एकच गाणं दोन ठिकाणी राहतं आणि ऐकणारे वाटले जातात. दोन्हींची बेरीज करून पाहा. असं झालं असेल तर वितरकाला सांगून दोन्ही चॅनल एका अधिकृत कलाकार चॅनलखाली आणता येतात.

आता तुम्ही पाठवलेल्या दोन रेकॉर्डिंगबद्दल. प्रगती नेमकी कुठं दिसते, हे त्यांच्यातून दाखवता येईल.

संमेलनातल्या रूपात ध्रुवपदाची ओळ आहे: ‘पाऊस आला, आठवण आली, डोळ्यांत पाणी दाटून आलं’. प्रसिद्ध झालेल्या रूपात त्याच जागी आहे: ‘जांबोटीची शेवटची गाडी, छत्री राहिली तुझ्या सीटवर’. पहिली ओळ कुणीही, कुठंही लिहू शकेल. दुसरीत गाव आहे, वेळ आहे, एक वस्तू आहे, आणि रडण्याचं काम ऐकणाऱ्यावर सोपवलेलं आहे. लिहिणारीनं आपलंच लिहिलेलं पुसून इथवर यायला बरीच मेहनत घेतली असणार.

चालीकडे बघा. जुन्या रूपात ‘आठवण’ या शब्दात ‘आ’ झटकन जातो आणि सूर लांबतो तो ‘ठ’वर. परिणामी कानाला आधी ‘आठ’ ऐकू येतं, मग ‘वण’. शब्द मोडतो. नव्या रूपात ‘शेवटची’मधला दीर्घ ‘शे’ दोन मात्रांवर बसलाय, पुढची अक्षरं बोलताना जशी भरभर येतात तशीच आलीत. मराठीत स्वतः चाल लावणाऱ्या नव्या मुलामुलींची सर्वांत जास्त अडचण इथंच होते. आधी गिटारवर चाल बांधून मग त्यात शब्द कोंबले की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं आणि दीर्घ अक्षर गिळलं जातं. तिच्या पुढच्या गाण्यांत हे एक जरी लक्ष देऊन ऐकलंत, तरी पुष्कळ कळेल.

तिसरी गोष्ट पट्टीची, म्हणजे गाणारा ‘सा’ किती उंचीवर धरतो त्याची. ती हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकानं सांगतात. संमेलनात ती काळी पाचमध्ये गायलीय, रेकॉर्डिंगमध्ये काळी चारमध्ये. म्हणजे गाणं एका पूर्ण स्वरानं खाली आणलंय. आवाज बसला, असा अर्थ यातून काढू नका. वरच्या पट्टीत अंतऱ्याच्या टोकाला तिचा आवाज ताणून पातळ होत होता, आता तिथं शब्द स्पष्ट येतात. आपल्या आवाजाची जागा सापडण्याची ही खूण आहे. फोनवर तानपुऱ्याचं अॅप घेऊन तुम्हालाही पट्टी ओळखता येईल. गाणं लावायचं, एकेक पट्टी बदलत जायचं आणि शेवटी ती ज्या स्वरावर विसावते तो कुठं मिळतो ते पाहायचं. चार-पाच गाण्यांत हात बसतो.

आमचा सल्ला असा की एक वही करा. पतसंस्थेत खतावणी सांभाळलेल्या माणसाला हे अवघड नाही. प्रत्येक गाण्याला दोन पानं. तारीख, कुठं ऐकलं, कोणतं रूप (फोनवरचं कच्चं, मंचावरचं की प्रसिद्ध झालेलं), पट्टी, लांबी, कुठले शब्द बदलले. आणि एक नोंद अशी, जी सहसा कोणी ठेवत नाही: पहिल्यांदा ऐकताना तुमचं लक्ष कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला दुसरीकडे गेलं. ही नोंद पहिल्याच ऐकण्यात होते, तिसऱ्यांदा ऐकताना ती मिळत नाही. तुलना करायची ती शक्यतो एकाच गाण्याच्या दोन रूपांची. दोन वेगळ्या गाण्यांची तुलना केली की आपल्याला आवडलेला विषय जिंकतो. शिवाय ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जे रेकॉर्डिंग मोठ्यानं वाजतं ते कानाला उगाचच चांगलं वाटतं, मुरलेले लोकही यात फसतात.

एप्रिलनंतरची शांतता. तिनं काम सोडलं असं समजण्याआधी तुमच्याच भागाकडे बघा. जूनपासून पुढं चार महिने कौलारू किंवा पत्र्याच्या घरात आवाज रेकॉर्ड करणं जवळजवळ अशक्य असतं. पावसाच्या आवाजात खर्जापासून अगदी बारीक आवाजापर्यंत सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळं पंख्याची घरघर जशी फिल्टरनं कापता येते तसा तो कापता येत नाही. कापायला गेलं तर गळ्याचा आवाजही सोलून निघतो. हवेतल्या ओलीनं गिटारचं लाकूड फुगतं, तारा गंजतात, सूर टिकत नाही. लाकडी गिटारला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते आणि बेळगाव-खानापूरचा श्रावण त्याच्या कितीतरी वर असतो. भर म्हणून शहापूर-वडगावात यंत्रमाग आहेत. मागाचा ठोका जमिनीतून आणि भिंतीतून येतो. भिंतीला चिकटवायचा फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा ठोका अडवत नाही. त्यावर पैसे घालून पस्तावणारे पुष्कळ असतात.

तेव्हा या महिन्यांत ती लिहीत असेल, चाली बसवत असेल, हे धरून चाला आणि ‘नवीन कधी?’ असं विचारू नका. ‘सध्या काय लिहितेस?’ हे विचारलं तर चालेल. नवीन गाण्याची खरी वाट दसरा-दिवाळीनंतर बघायची. शांततेला घाबरू नये याचं मोठं उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व ऐन उमेदीत क्षयानं आजारी पडले आणि देवासला राहायला गेले. काही वर्षं गाणं बंदच होतं. त्या काळात माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानात मुरली आणि पुढं जे गाणं आलं त्यात ती दिसली. प्रत्येक थांबण्यातून असं निघेल असं नाही, पण बाहेरून थांबलेलं दिसणं आणि आतून थांबणं यांत फरक असतो.

दिवाळीनंतर घरीच रेकॉर्ड करायचं ठरलं तर तुम्ही एक उपयोगी काम करू शकता: माग बंद असतात अशी वेळ बघून तिला शांत खोली मिळवून द्या. रस्त्यापासून आतली, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली उत्तम. तिच्या पाठीमागं दोन जाड गोधड्या दोरीवर टांगायच्या, कारण माइकच्या तोंडासमोर येते ती गाणारीच्या मागची भिंत. माइक तोंडापासून वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ म्हणताना येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी). पंखा बंद, फ्रीज बंद. लेव्हल अशी लावायची की सगळ्यात मोठा सूरही रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील (शून्याच्या वर आवाज फाटतो). नवे लोक रेघ लाल होईपर्यंत आवाज वाढवतात आणि एकदा फाटलेला सूर नंतर कुणालाच शिवता येत नाही.

आता मत देण्याबद्दल. तिला आधी सांगा की गाणं व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या ऑडिओसारखं किंवा व्हॉइस मेसेज म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. नाहीतर फाइल लहान करताना आवाज दाबला जाऊ शकतो आणि तुम्ही गाण्याऐवजी त्या दाबण्यावर मत देत बसता. इअरफोन लावून एकदा सलग ऐका, शब्द न वाचता. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. मग दुसऱ्या दिवशी, काही न ऐकता, कोणती ओळ आठवते ते लिहून काढा. तिला पाठवायच्या गोष्टी तीनच: कोणती ओळ लक्षात राहिली, कुठं लक्ष सुटलं, कुठला शब्द ऐकू आला नाही. ‘१ मिनिट ४० सेकंदांनंतर दुसरा अंतरा सुरू होतो तिथं मी फोनकडे बघितलं’ या वाक्याचा तिला ‘छान झालंय गं पोरी’पेक्षा दहापट उपयोग आहे. कारण शोधायचं काम तिचं. कदाचित अंतरा लांबला असेल, कदाचित गिटारचा ताल तोच तोच राहिला असेल. उपाय तुम्ही सुचवलात की ते गाणं थोडं तुमचं होतं, आणि ते टाळायचंय. गाण्यातलं कळत नाही म्हणता, तर तोच तुमचा फायदा आहे. तिच्याभोवती गाण्यातलं कळणारे पुष्कळ गोळा होतील, नेमानं ऐकून खरं सांगणारे थोडे असतील. फक्त कुणा नावाजलेल्या गायिकेशी तुलना करू नका आणि घरच्या समारंभात ‘एक जुनं नाट्यगीत म्हण की’ असा आग्रह धरू नका. स्वतःची गाणी म्हणणाऱ्या मुलीला लोक दुसऱ्यांचीच गाणी म्हणायला लावतात, हा तिच्या वाट्याला येणारा नेहमीचा जाच आहे. उद्या तिनं एखादं गाणं कन्नडमध्ये लिहिलं तर त्यावरूनही वाद घालू नका, ज्या भाषा तिच्या कानावर रोज पडतात त्या गाण्यात येणारच.

ऐकणारा म्हणून थोडं व्यवहाराचं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय गाणं ऐकलं असं मोजलं जात नाही. २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला तिथं रेकॉर्डिंगचं मानधनच मिळत नाही. म्हणून गाणं पूर्ण ऐका, सेव्ह करा, तिला फॉलो करा. गाणं म्यूट करून रात्रभर चालू ठेवणं किंवा गल्लीतल्या पोरांकडून पैसे देऊन आकडे वाढवणं हे मात्र करू नका, करूही देऊ नका. कृत्रिम ऐकणी पकडली गेली की आकडे वजा होतात आणि कधी गाणंच काढून टाकलं जातं, मग भोगायचं तिनं. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत व्हिडिओ एकूण ४,००० तास पाहिले गेलेले लागतात (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यूज), म्हणजे सहा गाण्यांवर पैसे का मिळाले नाहीत हा प्रश्नच नको. नवीन गाणं येण्याआधी तिला एक आठवण करा: स्पॉटिफायच्या कलाकार खात्यातून गाणं प्रसिद्धीच्या किमान ७ दिवस आधी संपादकांकडे सुचवायचं असतं. हे वेळेत केलं की निदान तिला फॉलो करणाऱ्यांच्या शुक्रवारच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते येतं. आम्ही तर महिनाभर आधी फाइल वितरकाकडे दे म्हणू, कारण कव्हरवरची चूक किंवा नावाचं स्पेलिंग यात आठवडा सहज जातो. स्पेलिंगवर तुम्हीही लक्ष ठेवा. एका गाण्यावर नावात एक अक्षर कमी-जास्त झालं तरी ते गाणं दुसऱ्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसतं.

पैशानं मदत करायची असेल तर तिला मंच मिळवून द्या, आणि मानधनासह. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, कविसंमेलनाचं सत्र असतंच. त्याला जोडून २५ मिनिटं, पाच गाणी, एवढं मागा. दोन सत्कारांच्या मध्ये ‘पाहुणे येईपर्यंत एक गाणं’ असं असेल तर नको म्हणा. मंडप घालणाऱ्याशी आदल्या दिवशी बोला: गिटारसाठी डीआय बॉक्स (गिटार थेट साउंड सिस्टीमला जोडायची छोटी पेटी), गाण्यासाठी एक माइक, तिला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून तिच्याकडे तोंड करून एक मॉनिटर स्पीकर, आणि लोक यायच्या आधी २० मिनिटं आवाज तपासायला. एको बंद ठेवायला सांगायचं. भाषणाचा माइक तसाच गाण्याला दिला की एकोमध्ये शब्द एकमेकांवर पडतात, आणि हिच्या गाण्यात शब्दच तर ऐकायचेत. दिव्याखाली गिटार तापून सूर उतरतो, म्हणून दर दोन गाण्यांनी सूर लावायला ती थांबली तर लोकांनी टाळ्यांची घाई करू नये, हे तुम्ही पुढच्या रांगेत बसून सांभाळा.

आता करार. इथं तुमचा पतसंस्थेचा अनुभव खरा कामाचा आहे.

एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. सध्या तिन्ही तिच्या आहेत. करारात यांतली कोणती, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी मागितलीय, हे आधी पेन्सिलीनं खुणावून घ्या. ‘हस्तांतर’ लिहिलंय की ‘परवाना’, ते बघा. परवाना मुदत संपली की परत येतो, हस्तांतर म्हणजे विक्री. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्यात २०१२ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या बाजूनं मोठी दुरुस्ती झाली. कलम १८ प्रमाणे शब्द आणि चाल यांच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा घेण्याचा हक्क कवी-संगीतकार कंपनीला देऊन टाकू शकत नाहीत, तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. ‘लेखिका रॉयल्टीवरचा सर्व हक्क सोडत आहे’ असं वाक्य दिसलं तर तिथं लाल रेघ मारा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांचं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. म्हणूनच कंपन्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ हे शब्द आवर्जून घालतात. हे दोन शब्द खोडून मुदत आणि प्रदेश लिहायला सांगणं हा तिचा हक्क आहे.

पुढं बघायचं ते हे. करार एका गाण्याचा आहे की ‘पुढील सर्व रचनां’चा? आगाऊ रक्कम दिली असेल तर ती तिच्या वाट्यातून वळती करायची आहे का, आणि व्हिडिओचा, जाहिरातीचा खर्चही त्याच खात्यात टाकणार आहेत का? टाकणार असतील तर खर्चाची वरची मर्यादा लिहून हवी. हिशेब किती महिन्यांनी देणार आणि तो तपासायचा हक्क आहे का? तिच्या यूट्यूब चॅनलचं लॉगिन मागितलंय का? ते द्यायचं नाही. वाद झाला तर न्यायालय कुठलं? मुंबई किंवा दिल्ली लिहिलं असेल तर बेळगावच्या मुलीनं पाच हजारांच्या वसुलीसाठी तिकडे खेपा घालायच्या, हे कुणालाच परवडणार नाही. आणि प्रसिद्धीच्या नावाखाली कंपनी तिच्याकडूनच पैसे मागत असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही.

सहीआधी तिला दोन कामं करायला लावा. शब्द आणि चाल तिची असल्यानं तिनं आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी कॉपीराइट सोसायटी) गीतकार आणि संगीतकार म्हणून सभासदत्व घ्यावं, प्रत्येक गाणं तिथं नोंदवावं, आणि ही गोष्ट करारातही लिहून घ्यावी. दुसरं, ज्यांनी गिटार, तबला वाजवला किंवा संगीत संयोजन केलं, त्यांच्याशी प्रत्येक गाण्याचे टक्के ठरवून कागदावर तारखेसह सह्या घ्याव्यात. मैत्रीत हे राहून जातं आणि गाणं चाललं की तिथंच मैत्री मोडते. सहाही गाण्यांचे बारा अक्षरांचे आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) तुमच्या वहीत उतरवून ठेवा, उद्या वितरक बदलला तर तेच क्रमांक पुन्हा द्यायचे म्हणजे जुने आकडे टिकतात. वितरकाची फी वार्षिक असेल तर भरायची तारीखही लिहा. काही ठिकाणी फी थकली की गाणी उतरवली जातात.

करार मग वकिलाला दाखवा, पण कॉपीराइटचं काम करणाऱ्या. जमिनीचे दावे चालवणारा वकील स्टॅम्प आणि साक्षीदार तपासून ‘ठीक आहे’ म्हणेल. कंपनीला उत्तर तिनंच द्यायचं, ईमेलनं, तुमच्या फोनवरून नव्हे. ‘दोन दिवसांत सही नाही केली तर संधी जाईल’ असं कुणी म्हणालं तर पंधरा दिवसांची मुदत लेखी मागायची, आणि ती नाकारली तर सही करायची नाही.